लोकमान्य नगरच्या स्टेशनाला धनी कोण?

इंदूरच्या मराठी मंडळींत रेल्वेचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास निघतात. पहिली, मनमाडची लाइन कधी होणार? दुसरी, पुण्याच्या गाडीचे रिझर्वेशन कधी मिळणार? दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण आपल्या वस्तीच्या नावाचे, आपल्या घरांपासून पायी जाण्याच्या अंतरावरचे जे स्टेशन आहे, त्याबद्दल सहसा कोणी अवाक्षर काढत नाही. ते स्टेशन म्हणजे लोकमान्य नगर.

इंदूरहून महूकडे निघालेली लोकल सैफी नगर सोडते, मग लोकमान्य नगर, मग राजेंद्र नगर, राऊ, हरण्याखेडी आणि शेवटी महू, म्हणजे आताचे डॉ. आंबेडकर नगर. सारा प्रवास वीस-बावीस किलोमीटरचा. लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर या दोन्ही कॉलन्यांत मराठी घरे किती आहेत हे आमच्या वाचकांना सांगायला नको. इंदूरच्या अलीकडचे लक्ष्मीबाई नगर धरले तर एवढ्याशा अंतरात लक्ष्मीबाई, लोकमान्य आणि बाबासाहेब अशी तीन नावे स्टेशनांच्या पाट्यांवर आहेत. महाराष्ट्राबाहेर असे भाग्य किती गावांना लाभले असेल? बेळगावच्या आपल्या बांधवांना पाटीवरच्या अक्षरांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते. इथे पाटी देवनागरीत आहे, ती आपण आपल्याच भाषेत वाचतो. नाव मिळाले आहे. प्रश्न नावामागच्या स्टेशनाचा आहे.

रेल्वेच्या भाषेत अशा स्टेशनाला हॉल्ट म्हणतात. हॉल्ट म्हणजे गाडी फक्त थांबते ती जागा. तिथे सिग्नलचा कारभार नसतो, त्यामुळे स्टेशनमास्तर नसतो. तिकीट विकायला रेल्वेचा पगारी बाबू नसतो. बहुतेक ठिकाणी कमिशनवर नेमलेला एजंट असतो. तो जवळच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटे आणतो, गाडीच्या वेळेला विकतो आणि घरी जातो. एजंट सोडून गेला, आजारी पडला किंवा त्याला ते कमिशन परवडेनासे झाले की खिडकी बंद. मग उरतो तो फलाट, पाटी आणि असलाच तर एखादा दिवा.

आम्ही बी.कॉम. होऊन बँकेत खर्डेघाशी करणारी माणसे. खर्च वाचवण्याचे गणित आम्हाला नवे नाही. दिवसातून मोजक्या गाड्या थांबणाऱ्या ठिकाणी तीन पाळ्यांत पगारी माणसे बसवा, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे मागणीचे हसे करून घेणे. आमच्या धंद्यातही २००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली आणि जिथे शाखा परवडत नाही तिथे कमिशनवरचा बँक मित्र आला. ते वाईट झाले असे नाही. पण बँक मित्र असो वा एटीएम, त्याच्यामागे एक शाखा असते. मशीनमध्ये पैसे संपले, दिवा गेला, दार मोडले, तर जाब कोणाला विचारायचा ते ठरलेले असते. एटीएममध्ये नोकर नसतो, पण एटीएमला धनी असतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे. स्टेशनावर नोकर नसला तरी चालेल, पण स्टेशनाला धनी नसेल तर चालणार नाही.

धनी नसला की काय होते? आमच्या मते सगळ्यात मोठे नुकसान हिशेबात होते, आणि तेच कोणाच्या लक्षात येत नाही. रेल्वेचे उत्पन्न मांडले जाते ते तिकीट जिथे विकले गेले त्या खिडकीच्या नावावर. महिन्याचा पास माणूस मोठ्या स्टेशनातून काढतो, कारण तिथे खिडकी दिवसभर उघडी असते. तो पैसा मोठ्या स्टेशनाच्या खात्यात गेला. सकाळी महूहून परतीचे तिकीट काढून लोकमान्य नगरला उतरणारा माणूस महूच्या खात्यात गेला. हॉल्टची खिडकी बंद असताना गाडीत चढलेला माणूस कोणाच्याच खात्यात गेला नाही. मग वर्षाच्या शेवटी कागदावर दिसते की या हॉल्टचे उत्पन्न नगण्य आहे. उत्पन्न नगण्य म्हणून सोयी नगण्य. सोयी नगण्य म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी म्हणून गाड्यांचे थांबे कमी. बँकेची छोटी शाखा बंद करण्याआधी तिच्या ठेवी दुसऱ्या शाखेच्या नावावर दाखवाव्यात आणि मग म्हणावे, पाहा, इथे ठेवीच नाहीत, त्यातला हा प्रकार. कोणी मुद्दाम करते असे आम्ही म्हणत नाही. पण हिशेबाची पद्धतच अशी आहे की त्यात लहान स्टेशन नेहमी तोट्यात दिसणार.

पूर्वी स्टेशनाची श्रेणी केवळ उत्पन्नावर ठरत असे. २०१७ साली पद्धत बदलली आणि उत्पन्नाबरोबर प्रवाशांची संख्याही धरायचे ठरले. हे चांगले झाले. पण प्रवासी मोजायचे कसे? खपलेल्या तिकिटांवरून मोजले तर पुन्हा तोच घोळ. प्रत्यक्ष फलाटावर उभे राहून चढणारी-उतरणारी माणसे मोजली तरच खरा आकडा कळेल.

त्यातच आणखी एक गाठ आहे. इंदूर शहर राऊच्याही पुढे पसरले, पण रेल्वेच्या लेखी उपनगरी वाहतूक म्हणजे मुंबई, कोलकाता, चेन्नई अशी मोजकी शहरे. उरलेल्या शहरांतल्या लोकल या फक्त पॅसेंजर. मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक शहराच्या कामाच्या वेळेवर बसवतात. आपल्या डेमूचे वेळापत्रक लांबच्या गाड्या निघून गेल्यावर जी जागा उरते तिच्यात बसवतात. गंमत म्हणजे दोन्हींचे मुख्यालय एकच. रतलाम विभाग पश्चिम रेल्वेचा, आणि पश्चिम रेल्वेचा कारभार चालतो मुंबईत चर्चगेटला.

करोनाच्या काळाने या दुखण्यावर मीठ चोळले. मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे पॅसेंजर गाड्या हळूहळू परतल्या त्या विशेष गाड्या म्हणून, आणि त्यांना भाडे लागले एक्स्प्रेसचे. जिथे किमान १० रुपयांत प्रवास होत होता तिथे ३० रुपये मोजावे लागू लागले. लोकमान्य नगर ते इंदूर हे अंतर चार-पाच किलोमीटरचे. त्याला जायचे ३० आणि यायचे ३० कोण देणार? महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० रुपयांचा खर्च १,५०० वर गेला. माणसे टेंपोत बसली, दुचाकी घेतली, ई-रिक्षाला हात केला. साधे भाडे परत आले ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. मधली ही वर्षे थोडीथोडकी नव्हेत. तेवढ्यात माणसाची सवय मोडते, आणि मोडलेली सवय भाडे उतरले म्हणून आपोआप परत येत नाही. आता त्या वर्षांचे आकडे काढून कोणी म्हणाले की इथे प्रवासीच नाहीत, तर तो दोष प्रवाशांचा की भाड्याचा?

कोणी विचारील की या चार-पाच किलोमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला? सिटी बस आहे, आता मेट्रोही आली. मेट्रोला आमचा विरोध नाही. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर सुमारे ६ किलोमीटर आणि ५ स्टेशने एवढा पहिला टप्पा सुरू झाला. पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याच्यामागे वर्षांची मेहनत आणि मोठा खर्च आहे. बीआरटीएसचे काय झाले तेही आपण पाहिले. २०१३ मध्ये सुरू झालेला साडेअकरा किलोमीटरचा तो मार्ग काढून टाकण्याचा आदेश २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. इकडे आपल्या कॉलन्यांच्या मधून दीडशे वर्षांपूर्वी आखलेला लोहमार्ग तयार आहे. जमीन घ्यायची नाही, खांब रोवायचे नाहीत, रूळ टाकायचे नाहीत. गाडी जातेच आहे. ती वेळेवर थांबावी आणि थांबते हे लोकांना कळावे, एवढेच काम आहे.

हा मार्ग आपल्याला कोणी फुकट दिलेला नाही, हेही नव्या पिढीला सांगायला हवे. इंदूरला रेल्वे यावी म्हणून महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. एक डिसेंबर १८७४ ला खांडवा ते सनावद हा भाग सुरू झाला. ऑक्टोबर १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला. त्याच लोहमार्गाने पुढे घाट चढून इंदूर गाठले. नंतर हीच मीटर गेज लाइन खांडव्याहून अकोल्यापर्यंत आणि त्यापुढे पूर्णेपर्यंत जोडली गेली, आणि माळव्यातल्या मराठी घरांचा वऱ्हाड-मराठवाड्याशी सरळ संबंध जुळला. मीनाक्षी एक्स्प्रेसचे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. रुंद मार्ग करण्यासाठी अकोला-खांडवा भाग २०१७ च्या सुरुवातीला बंद झाला, आणि महूपासून ओंकारेश्वर रोडपर्यंतची गाडी फेब्रुवारी २०२३ पासून थांबली. म्हणजे दक्षिणेचा आपला जुना दरवाजा सध्या बंद आहे.

नवा दरवाजा उघडणार आहे तो मनमाडचा. दोन सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्टेशने ३०, आणि काम पुरे करण्याचे लक्ष्य २०२८-२९. महूहून निघून धार, खरगोन, बडवानी, धुळे या जिल्ह्यांतून तो नाशिक जिल्ह्यात मनमाडला पोचेल. १९८९ ते २०१९ सलग आठ वेळा इंदूरचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सुमित्राताई महाजनांच्या काळापासून आपण ज्या गोष्टीची वाट पाहतो आहोत ती आता कागदावरून जमिनीवर येत आहे. आनंदच आहे.

पण वाचकहो, इथेच आम्हाला काळजी वाटते. इंदूरहून मनमाडला जाणारी प्रत्येक गाडी महूपर्यंत याच लाइनवरून, म्हणजे लोकमान्य नगरच्या फलाटासमोरून जाणार. खांडव्याचा रुंद मार्ग पुरा झाला की त्या गाड्याही इथूनच जाणार. मालगाड्या वेगळ्या. २०२८ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ आहे, त्याची गर्दी वेगळी. लाइनवर गाड्या वाढल्या की पहिली कात्री लागते ती लोकलला आणि लोकलच्या लहान थांब्यांना. त्या वेळी ज्या स्टेशनाचे आकडे पडके असतील आणि ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसेल, ते स्टेशन आधी वगळले जाईल. मनमाडची लाइन आली आणि लोकमान्य नगरचा थांबा गेला, असे झाले तर आपण काय कमावले? आपल्या दारावरून महाराष्ट्राची गाडी धडधडत जाईल, आणि ती पकडायला आपल्याला शहराच्या गर्दीतून मोठ्या स्टेशनापर्यंत रिक्षा करावी लागेल.

मोठ्या स्टेशनांचे बरे चालले आहे. अमृत भारत योजनेत देशातली १,३०० हून अधिक स्टेशने घेतली आहेत. पण देशात स्टेशने सात हजारांच्या वर आहेत. म्हणजे पाचांतली चार या योजनेबाहेर. त्यांच्यासाठी काचेचे छत कोणी मागत नाही. आम्ही मागतो त्या गोष्टी चारच आहेत, आणि त्यांतली एकही महाग नाही.

पहिली, फलाटावर एक स्पष्ट फलक असावा. या हॉल्टची जबाबदारी कोणत्या स्टेशनाकडे आहे, कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि त्याच्या कार्यालयाचा फोन कोणता, हे त्यावर लिहावे. १३९ हा क्रमांक आहे, पण तो साऱ्या देशाचा. दिवा गेला तर तो बदलणाऱ्या माणसापर्यंत आमचा आवाज जावा.

दुसरी, गाड्यांची वेळ. सकाळी कामाला आणि कॉलेजला जाण्याच्या वेळी दोन्ही दिशांना एकेक गाडी, संध्याकाळी परतीला तशीच एकेक, आणि त्या वर्षभर त्याच वेळेला. भलत्या वेळेच्या दहा गाड्यांपेक्षा ठरलेल्या वेळेच्या चार गाड्या आम्हाला चालतील. एक्स्प्रेस गाड्या इथे थांबवा असे आमचे मागणे नाही. त्याने लांबच्या प्रवाशांचा खोळंबा होईल आणि आपली मागणी फेटाळायला निमित्त मिळेल.

तिसरी, तिकीट. एजंट नेमा, मशीन बसवा किंवा मोबाइलवर काढायची सोय नीट समजावून सांगा, काहीही करा. पण खिडकी बंद असताना चढलेल्या माणसाला पुढच्या स्टेशनावर चोर ठरवू नका. विनातिकीट प्रवासाला भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे. दहा रुपयांचे तिकीट घ्यायला तयार असलेल्या माणसाला ते विकायला कोणी नाही, आणि दंड वसूल करायला मात्र माणूस आहे, हे कोणत्या न्यायात बसते? ब्रिटनमध्ये कितीतरी लहान स्टेशनांवर एकही कर्मचारी नसतो. पण मदतीसाठी बटण दाबायची पेटी असते आणि जिथे तिकीट घ्यायची सोयच नाही तिथून चढलेल्याला गाडीत किंवा उतरल्यावर साधे भाडे देता येते. माणूस नसलेले स्टेशन नीट चालवता येते, त्याला नियम मात्र तसे करावे लागतात.

चौथी, उजेड, सावली, पाणी आणि कॉलनीपासून फलाटापर्यंत धड रस्ता. आपल्या वस्त्यांत आता म्हातारी माणसे अधिक आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. सत्तरीच्या काकूंना गाडीत चढायला हात द्यायला हॉल्टवर कोणी नसते. संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला अंधाऱ्या फलाटावर उतरावे लागू नये. हा कोणत्या पक्षाचा प्रश्न नाही. महानगरपालिकेने रस्ता आणि दिवे पाहावेत, रेल्वेने फलाट पाहावा. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये, एवढेच.

आता आपल्या वाट्याचे काम. मराठी माणूस अर्ज छान लिहितो आणि नंतर पाठपुरावा सोडतो, ही आपली जुनी खोड. या वेळी अर्जाआधी आकडे जमवावेत असे आम्हाला वाटते. मंडळाच्या तरुण सभासदांनी आणि निवृत्त मंडळींनी मिळून एक आठवडा पाळ्या लावाव्यात. प्रत्येक लोकलला लोकमान्य नगरला किती चढले, किती उतरले, गाडी ठरलेल्या वेळेच्या किती उशिरा आली, खिडकी उघडी होती की बंद, हे वहीत नोंदवावे. राजेंद्र नगरच्या मंडळींनी तसेच तिकडे करावे. दुसरीकडे माहितीच्या अधिकारात रतलाम विभागाला दहा रुपयांचा अर्ज करून त्यांच्या दप्तरातला आकडा मागवावा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की जे दिसेल ते बोलून दाखवायची गरज उरणार नाही. ज्याने खातेवही जुळवली आहे त्याला ठाऊक आहे की वाद शब्दांनी मिटत नाही, बेरजेने मिटतो.

हे आकडे घेऊन खासदारांकडे आणि आमदारांकडे जावे. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या बैठकीत हा विषय यावा, यासाठी त्या समितीच्या सदस्यांना भेटावे. खासदार निधीतून प्रवाशांच्या सोयीची कामे अनेक ठिकाणी झाली आहेत, ती इथे का होऊ नयेत हे विचारावे. आणि हे एकट्या मराठी मंडळाचे काम मानू नये. लोकल वापरणारा मजूर, महूचा विद्यार्थी, राऊचा भाजीवाला, सगळे आपल्याबरोबर हवेत. दरवर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीला महाराष्ट्रातून लोक येतात, त्यांचीही वाट हीच. स्टेशनाचे नाव लोकमान्यांचे आहे, पण स्टेशन साऱ्यांचे आहे.

एक गोष्ट मात्र आपल्यालाच करावी लागेल. स्टेशन वाचवायचे तर ते वापरायला हवे. राजवाड्याला, सराफ्याला जायचे तर दारात गाडी उभी आहे म्हणून तीच काढायची, आणि स्टेशन बंद पडले की मोर्चा न्यायचा, हे दुटप्पी वागणे होईल. महिन्यातून चार वेळा तरी तिकीट काढून लोकलने जावे, आणि ते तिकीट शक्यतो आपल्या हॉल्टवर काढावे. आपल्या स्टेशनाच्या नावावर पडणारा प्रत्येक रुपया हा त्याच्या बाजूने दिलेले मत आहे.

मनमाडची लाइन दिल्लीत मंजूर झाली. लोकमान्य नगरचा थांबा दिल्लीत वाचणार नाही. तो आपल्या कॉलनीतच वाचेल, किंवा आपल्या कॉलनीतच जाईल. मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि मोजणीच्या आठवड्याची तारीख तिथेच ठरवावी, ही आमची कार्यकारिणीला आणि सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.